तळाशीलच्या वाळूतली चूल

कुंभारी,
ता. ४ मार्च १९७६

प्रिय केरे,

हा 'प्रिय' मोठ्या बायकांच्या रात्रीच्या वर्गाच्या सिद्धम्माबाईंनी लिहायला लावला. तोंडानं मी तुला असलं कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, ताप आलाय का गं. बाई म्हणतात पत्रात असं लिहायचं असतं, आणि 'हाय' न लिहिता 'आहे' लिहायचं असतं. मी लिहिते, तू ऐकताना तुझं तू नीट करून घे. वर्गाला जायला लागून दीड वर्ष झालं तरी अजून जोडाक्षर काढताना माझी जीभ बाहेर येते. पण हे पत्र दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं नव्हतं. आज नववा दिवस आहे लिहायला बसल्याचा. हरिबा म्हणतो, आये, एवढ्या दिवसांत काकीकडं करकंबला चालत जाऊन सांगून आली असतीस. लेकाचं खरं आहे. पण तोंडानं सांगायला आले की तू मधेच बोलतेस, मी चिडते, मग तू चहा टाकायला सांगतेस आणि सांगायचं राहून जातं. तीन वर्षं तेच चाललंय.

गोजा, वाचणारी तू आहेस हे मला माहीत आहे. मोठ्यानं वाच. जावईबापूंना पण समोर बसव. मधलं काही गाळू नको, आणि शेवटाला एका जागी तुला थांबावंसं वाटेल, तिथं अजिबात थांबू नको. आणि अजून एक. तू मला बघितलंस की पाया पडतेस, काकीनं आईचा जीव वाचवला म्हणतेस, ते बंद कर. का, ते पुढं येईल.

आता तुझ्याशी बोलते केरे. संक्रांतीला गोजाचा निरोप आला की आई आता ओट्यावर पण येत नाही. काठी खुंटीला टांगून ठेवली आहे. डॉक्टर म्हणाले बांधावरनं पडून मोडलेलं हाड कधीच जुळलंय, पाय दोन बोटं आखूड राहिला एवढंच, पण ह्या उन्हाळ्याच्या आत चालायला लागली नाही तर गुडघा धरेल आणि मग कायमची खाट. आणि तू काय म्हणालीस? म्हणालीस, ह्या पायानं मला दगा दिला, आता मी ह्याच्यावर भार टाकणार न्हाय. तू म्हणालीस हे! मेंढरांमागनं फिरणाऱ्या आपल्या अख्ख्या वाड्यात तुझ्यासारखा पाय कुणाचा नव्हता. घाट उतरताना तट्टू बिचकायचं पण तू नाही. कोकरू काखेत, गोजा पाठीला आणि डोक्यावर पाटी अशी तू निसरड्या कड्यावरनं गाणं म्हणत उतरायचीस. तो निरोप ऐकला आणि मला असा राग आला की मी थापलेली भाकरी तव्यावर टाकायची विसरले. चार दिवस कुणाशी बोलले नाही. पाचव्या दिवशी दोन शेळ्या विकल्या आणि समुद्राला गेले.

हस. मला माहीत आहे तू हसलीस. पण तुला आठवतं का फोंड्याचा घाटमाथा? दोघी नव्या नवऱ्या होतो. आपल्याकडं पाऊस नव्हता म्हणून त्या साली वाडा लई लांब पश्चिमेला नेला होता. संध्याकाळी कड्यावर उभ्या राहिलो तर खाली लांब, आभाळ संपतं तिथं एक रेघ चकाकत होती. तू विचारलंस, ते काय वो? तुझे मालक म्हणाले, समुद्र हाय त्यो. चला, मेंढरं वळवा. बस्स, एवढंच. आपण दोघी पाण्याला जायचं म्हणून घागरी घेतल्या आणि कड्यावर बसून राहिलो, ती रेघ विझेपर्यंत. तू म्हणालीस, आयुष्यभर चालतोय गं आपण, पण कुठं जायचं ते एकदा पण आपल्याला कुणी विचारलं नाही. पुरुष मेंढरं घेऊन पुढं जातात, आपण तट्टावर संसार लादून मागनं जायचं, ते थांबले की चूल मांडायची. मी म्हटलं, एकदा जाऊ. तू म्हणालीस, त्या रेघेच्या काठाकाठानं चालायचं. मेंढरं न्हाईत, तट्टू न्हाई, पोरं न्हाईत. नुसतं बघत. मी म्हटलं, कधी? तू म्हणालीस, म्हातारपणी, तवा कुणाला आपली गरज नसंल. तर तशी वेळ आता आलीच आहे की. हरिबा गिरणीत आहे, सूनबाई घर बघते, मेंढरं दुष्काळात गेली. गरज कुणाला आहे?

हरिबानं लई समजावलं. कोण आजारी आहे का तिकडं? नाही. नवस आहे का? नाही. मग कशाला? बघायला. काय बघायला? मी म्हटलं, ते बघितल्यावर सांगते. घोंगडी घेतली, काठी घेतली, कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीचा डबा घेतला आणि कोल्हापूरवरनं देवगडच्या एस्टीत बसले. फोंड्याच्या घाटात मी खिडकीला नाक लावून बसले होते. आपला कडा कुठला ते कळलं नाही. गाडीतनं सगळे कडे सारखेच दिसतात.

समुद्र पहिल्यांदा समोरून बघितला तेव्हा काही वाटलं नाही, खरं सांगते. कुणीतरी लई पाणी सांडलंय आणि पुसायला कुणी नाही, असं वाटलं. चकाकत पण नव्हता, सकाळचा राखाडी होता. मी मनात म्हटलं, केरे, एवढ्यासाठी घागरी घेऊन बसलो होतो का गं आपण? मग चालायला लागले. उजव्या हाताला पाणी ठेवायचं आणि दक्षिणेला जायचं, मालवण येईपर्यंत. एवढाच रस्ता. कुणाला विचारायला नको.

आणि पहिल्याच तासात चुकले. देवगडपासनं थोडं पुढं तारामुंबरीला खाडी आडवी येते. मी खाडी कधी बघितली होती? मला तो ओढाच वाटला, गुडघाभर पाण्याचा. आता आपल्याकडं ओढ्याला पाणी कुठनं येतं? वरनं येतं. वर पाऊस नाही, आभाळ कोरडं, म्हणजे पाणी वाढायचं कारणच नाही. तरी मी आपल्या रीतीनं वरच्या अंगाला डोंगराकडं बघून घेतलं, एक ढग नव्हता. लुगडं खोचलं आणि शिरले. मधे पोचले तर पाणी मांडीला. मी वर बघते, अजून आभाळ साफ. पाणी कमरेला. आणि केरे, पाणी उलटं चाललं होतं! खालनं वर! मी जन्मात पाणी चढताना बघितलं नव्हतं. घोंगडी डोक्यावर धरून मी तिथंच उभी, पुढं जाऊ का मागं ते कळेना. तेवढ्यात काठावर जाळं सोडवत बसलेली एक म्हातारी ओरडली, गो बाय, खंय चललंस? भरती इली! मागे फिर! मी फिरले म्हणून आज पत्र लिहिते आहे.

ती मला ओली बघून पोट धरून हसली. मी म्हटलं, पुढं जायचंय मला. म्हणाली, वायच थांब. म्हणजे त्यांच्या बोलीत जरासं थांब. मी विचारलं, जरासं म्हणजे किती? तिनं हनुवटीनं सूर्य दाखवला, मग हनुवटीनंच पश्चिमेचं आभाळ दाखवलं. म्हणजे अर्धा दिवस! मी म्हटलं, होडी न्हाई का? म्हणाली, होडी घेऊन घोव मासे मारूक गेलो हा. वायच थांब. तुला माहीत आहे मला थांब म्हटलं की काय होतं. मी काठावर येरझारा घातल्या. पाण्याला शिव्या दिल्या. ती म्हातारी म्हणाली, शिव्यांनी ओहोटी येत असती तर माझ्या सासूनं समुद्र आटवला असता. मग मात्र मी बसले. तिला चटणी दिली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं पण अजून मागून घेतली. तिनं मला सुका बांगडा भाजून दिला. वास असा की मेंढरं पळाली असती, पण खाल्ला. तिनं विचारलं, घोवाक सांगून इलंस मा? मी म्हटलं, नवरा वर गेलाय, त्याला तिथनं दिसतंच आहे. तिचं असं की दर चार वाक्यांनी 'वायच थांब'. जाळ्याला म्हणते, कोंबडीला म्हणते, मला म्हणते. आणि खरंच, ऊन कललं तसं पाणी हळूहळू उतरलं आणि मी घोटाभर पाण्यातनं पलीकडं गेले. त्याच जागेवरनं, केरे. सकाळी जिथं बुडत होते तिथनंच. काही वेगळं केलं नाही, नुसती थांबले होते.

त्या दिवशी कुणकेश्वराच्या देवळापाशी मुक्काम झाला. देवळाच्या पायरीपर्यंत लाटा येतात. दुसऱ्या दिवशी पुढं निघाले. हे सगळं चालणं आपल्यासारखीला दोन दिवसांचं, मी पाच दिवस लावले. कुठं टेकडी चढायची, वरनं बघायचं, उतरायचं, परत वाळू. वाळूत पाणी मागं सरकलं की ओली पट्टी राहते तिथनं चालायचं, पाय रुतत नाही. हे तुझ्यासाठी ध्यानात ठेवलंय. भेटेल तो माणूस एकच विचारायचा, मेंढरां खंय? घोंगडी बघून धनगरीण म्हणून ओळखत होते ना. म्हटलं, मेंढरं नाहीत. मग लगीन? नाही. मयत? नाही. मिठबावच्या शाळेतले एक मास्तर तर मला थांबवून म्हणाले, बाई, नक्की कोणत्या कामासाठी निघालात? म्हटलं, बघायला. काय बघायला? मी काठीनं सगळं दाखवलं, हे. मास्तरांनी चष्मा काढून समुद्राकडं बघितलं, जसं काही कुणीतरी तो आजच तिथं आणून ठेवलाय. म्हणाले, आमी रोज बघतो, काय नसतं त्याच्यात. मी म्हटलं, मास्तर, आमच्या गावात तीन वर्षं खाली पडलेलं पाणी बघायला मिळालं नाही, तुमी रोज बघता म्हणून तुमाला काय नसतं.  मग शाळेच्या ओट्यावर बसवून गुळपाणी दिलं.

मिठबावच्या संध्याकाळी मी पहिल्यांदा वाळूत चूल मांडली. तीन दगड, तोंड उगवतीला, आपल्या रीतीनं. चहाचं आधण ठेवलं. एक लाट आली आणि चूल, आधण, चहाची पुडी सगळं घेऊन गेली. दगड पण! मी एकटीच एवढी हसले की कुत्री भुंकायला लागली. मग पुढच्या प्रत्येक मुक्कामाला आधी रेघ बघायला शिकले. भरतीचं पाणी जिथपर्यंत येऊन गेलं तिथं काड्या-शिंपल्यांची एक रेघ राहते. तिच्या वर मांडायची. आणि सकाळी निघताना काय केलं असेल सांग. पाय आपसूक चुलीकडं गेला आणि तिन्ही दगड उलथे केले. वाड्याची सवय. मागं कुणी नाही, चूल उलथी. वाड्यात मागं कुणी राहिलं असलं, कुणाची मेंढी व्यायला टेकली असली, कुणाला ताप असला, तर शेवटची बाई तिन्ही दगड उभे ठेवून जायची. मागनं येणाऱ्याला कळायचं, आपल्याला सोडून गेले नाहीत, पुढं वाट बघतायत. आठवतं, गोजाच्या वेळी तू बाभळीखाली बाळंत झालीस आणि वाडा पुढं गेला? दुसऱ्या दिवशी तू पोर घेऊन आलीस आणि पहिलं वाक्य काय बोललीस? दगड तूच ठेवलेस नव्हं मायाक्का? मांडणीवरनं ओळखलं मी.

तिसऱ्या दिवशी तांबळडेगच्या पुढं मुणग्याच्या वाळूत पाणी संपलं. एवढा मोठा समुद्र आणि प्यायला थेंब नाही, ही थट्टा मला आवडली नाही. मग माण नदीच्या पात्रात करायचो तसं केलं. पण कुठं खणायचं हे मला कधी कळत होतं? ते तुझं काम. दुष्काळात अख्खी नदी वाळलेली, बायका जागोजाग उकरून दमायच्या, आणि तू अनवाणी चार पावलं टाकून टाचेनं खूण करायचीस, हितं उकरा. आणि हातभर खाली पाणी! तुझ्या पायाला कळायचं, केरे. वाळू कुठं गार आहे ते तुझ्या टाचेला कळायचं. मी त्या वाळूत वहाणा काढून तुझ्यासारखी चालून बघितलं. माडांच्या जवळ एका जागी टाच गार लागली, का मला तसं वाटलं, कोण जाणे. कोपरभर उकरलं आणि पाणी आलं. गोडं! गावच्या बायका हंडे घेऊन विहिरीला चालल्या होत्या, त्या हसायला लागल्या. एकीनं चाखून बघितलं आणि हंडा खाली ठेवला. विचारलं, तुका कसा कळला? मी म्हटलं, मला न्हाई कळलं. माझ्या जावेच्या पायाला कळतं. म्हणाली, मग ती खंय? हे तिनं सहज विचारलं. मला मात्र त्या दिवशी पुढं चालवलं नाही. झिऱ्याच्या काठाला बसून राहिले.

दुष्काळातलं पाझर तलावाचं काम, जिथं तू पडलीस, ते आठवायला लागलं. नको म्हटलं तरी आठवतंच. तो धुरळा, ते ऊन, खालनं वर मुरमाच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांची माळ. मुकादम संध्याकाळी माप घ्यायचा, जेवढी माती तेवढी मजुरी. तुझ्या पुढं ती म्हातारी बाई होती, दम लागलेली. बांधाच्या चढावर ती थांबली की तू थांबायचीस आणि तुझ्यामागं मी. तू तिला कधी पुढं ढकललं नाहीस. उलट तिला धीर द्यायचीस, सावकाश मावशे. हे सगळं मुणग्याच्या वाळूत बसून मी परत परत बघितलं. सूर्य पाण्यात गेला तेव्हा तो सगळा समुद्र चकाकायला लागला, आपण कड्यावरनं बघितला होता तसा. म्हणजे आपण खोटं बघितलं नव्हतं. नुसतं संध्याकाळी बघितलं होतं.

चौथ्या दिवशी आचऱ्याची खाडी तरीनं, म्हणजे माणसं पार नेणाऱ्या होडीनं, उतरले. आता मी शहाणी झाले होते. कुणाला न विचारता पाण्याकडं बघून सांगत होते की चढतंय का उतरतंय. रोज भरतीला पाऊण तास उशीर होतो, हे पण कळलं. एक तरीवाला म्हणाला, तू आमची झालंस. पलीकडं तोंडवळी, आणि तोंडवळीपासनं तळाशीलपर्यंत नुसती वाळू. केरे, ते कसं सांगू. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी आणि मधे माड आणि घरं असलेली वाळूची एक चिंचोळी पट्टी. आपल्या माळावर दोन बांधांच्या मधनं पायवाट जाते ना, तशी. दोन्हीकडं पाणी आणि मधे आपण. तिथं चालताना मी पहिल्यांदा घाई केली नाही. कशाला करू? माप घ्यायला मुकादम नव्हता. मधे मधे बसले, शिंपले वेचले. तुझ्या नातवंडांना आणलेत.

पाचव्या दिवशी सकाळी ती पट्टी जिथं संपते तिथं पोचले. पुढं खाडीचं तोंड, पलीकडं सर्जेकोट आणि तिथनं मालवण म्हणजे हाकेच्या अंतरावर. तरीवाल्यानं बोट दाखवलं, लांब पाण्यात किल्ल्याची काळी रेघ होती. चढ बाय, म्हणाला. माझा एक पाय होडीत होता. आणि मग मी तो बाहेर काढला. म्हणाला, काय झाला? पैशे नाय काय? म्हटलं, हायेत. माणूस यायचंय. मागसून येता काय? म्हटलं, व्हय, मागं हाय. त्यानं हात कपाळाला धरून ती सगळी वाळू निरखली, चिटपाखरू नव्हतं. कितको वेळ लागात? म्हणाला. माझ्या तोंडातनं काय निघालं असेल? म्हटलं, वायच.

मग मी माडांच्या कडेला, भरतीच्या रेघेच्या चांगली चार हात वर, जांभ्या चिऱ्याचे तीन तुकडे आणून चूल मांडली. तोंड उगवतीला. चहा केला, प्याले, राख विझवली. निघताना पाय सवयीनं पुढं गेला, त्याला आवरला. तिन्ही दगड उभे ठेवून आले. मालवण बघितलं नाही. दोन शेळ्या विकून गेलेली बाई एका होडीवरनं परत आली, हरिबानं हात जोडले.

आता गोजा, इथनं पुढं. थांबू नको म्हटलं होतं ती जागा आली.

केरे, त्या दिवशी बांधावर तुझा पाय घसरला नाही. पुढची म्हातारी थांबली, तू थांबलीस, चुंबळ नीट करायला तू एक हात वर केलास. माप घ्यायची वेळ झाली होती आणि माझी मान मोडत होती. मी म्हटलं, हल की गं, आणि तुझ्या पाठीत हात घालून तुला ढकललं. जोरात. पाडायला नव्हे, पण ढकललं. तुझा पाय जिथं होता तिथं घट्ट होता, वरचं अंग गेलं आणि मग पाय गेला. धुरळ्यात कुणाला दिसलं नाही. तुला पाठीला हात लागलेला कळला आणि तुला वाटलं मी धरायला घातला. शुद्धीवर आल्यावर तू सगळ्यांना सांगितलंस, पाय घसरला, मायाक्कानं धरलं म्हणून खाली दगडावर डोकं आपटलं नाही. गोजानं मला चोळी दिली. मी घेतली. तोंड उघडलं नाही. तीन वर्षं तू त्या पायाला शिव्या देतेस आणि मी समोर बसून तुझा चहा पिते. मला वाटायचं आता सांगून काय, हाड का मागं जाणार आहे? पण संक्रांतीला तू काठी टांगलीस तेव्हा कळलं की माझं न सांगणं तुझ्या पायावर बसलंय. तुझ्या पायानं दगा दिला नाही. तो कधीच घसरला नव्हता. दगा माझ्या हातानं दिला. ती चोळी ह्या पत्राबरोबर पाठवत नाही, ती घेऊन मी स्वतः येते.

पाडव्याला येते. आत येणार नाही, तुमच्या अंगणाच्या बाहेर रस्त्याला उभी राहीन. तिथनं अंगण दिसतं. तुझ्या अंगणात तीन दगड उभे मांडलेले दिसले तर मी समजेन की मी अजून तुझ्या वाड्यातली आहे आणि आत येईन. मग वैशाखाच्या आत आपण दोघी तळाशीलला जाऊ. तू चालशील तशी मी चालेन. तू थांबलीस की मी थांबेन, मला आता येतं. दगड उलथे दिसले तर चोळी उंबऱ्याला ठेवीन आणि तशीच परत फिरेन. रागावणार नाही, तुझा हक्क आहे. पण दोन्हीतलं काहीही कर, ते तुझ्या हातानं झालं पाहिजे. गोजानं मांडलेले मला चालणार नाहीत, जावयानं उलथे केलेले पण चालणार नाहीत. तुझी मांडणी मी ओळखते. खाटेवरनं अंगणापर्यंत अकरा पावलं आहेत, मागच्या खेपेला मी मोजलीत. दगड उभे ठेवायचे का उलथे, ते तू ठरव. पण त्यासाठी उठ.

तुझीच, अजून दगड न उलथलेली,
मायाक्का